डेटाबेस लायसन्सचा सल्ला, एरंडवणे: मोजणी चोख, अहवाल जड

भोसरीत आमचा सुट्या भागांचा कारखाना, ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) ओरॅकल कंपनीच्या डेटाबेसवर. नवीन सर्व्हरसाठी डेटाबेसचं कोटेशन आलं तेव्हा आकडा बघून साहेब म्हणाले, "यात मशीनपण येतंय ना?" नव्हतं येत. म्हणून एरंडवण्यातल्या या सल्लागारांकडे गेलो. दोघांचं ऑफिस. लायसन्स विकत नाहीत, नुसतं मोजून देतात, हेच मला पटलं.

त्या दोघांपैकी मॅडमनी आधी सर्व्हरचा कागद मागितला. दोन प्रोसेसर, प्रत्येकी 8 कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), एकूण 16. इंटेलला कोअर फॅक्टर (कोअरच्या संख्येला ज्याने गुणायचं तो आकडा) 0.5, म्हणजे 8 लायसन्स. एंटरप्राइझ एडिशनचा, म्हणजे मोठ्या आवृत्तीचा, छापील दर एका लायसन्सला 47,500 डॉलर, झाले 3,80,000. वर दरवर्षी 22 टक्के सपोर्ट, म्हणजे 83,600. म्हटलं, आमची वापरणारी माणसं साठेक, माणशी घेतलं तर? मॅडम म्हणाल्या, माणशी 950, पण दर प्रोसेसर लायसन्समागे किमान 25 जण धरावेच लागतात. साठ असोत नाहीतर सहा, पैसे दोनशे जणांचे! त्यात आपणहून डेटा पाठवणारा वजनकाटासुद्धा एक माणूस धरायचा.

मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला एंटरप्राइझ लागतंय कशाला?" स्टँडर्ड एडिशन 2 या छोट्या आवृत्तीत कोअर नाही, सॉकेट (प्रोसेसर बसवायच्या जागा) मोजतात. 17,500 प्रमाणे दोनाचे 35,000. अट अशी की सर्व्हरला दोनापेक्षा जास्त सॉकेट नकोत, डेटाबेस एका वेळी प्रोसेसरचे 16 थ्रेडच (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) वापरणार, आणि पार्टिशनिंग (मोठ्या टेबलाचे तुकडे करून ठेवणं) विसरायचं. जुन्या डेटाबेसमध्ये कोणतं फीचर किती वापरलं याची नोंद आपोआप होत असते, तीही त्यांनी समोर उघडून दाखवली. पार्टिशनिंगपुढे शून्य. एडब्ल्यूआर रिपोर्टपुढे (डेटाबेसच्या कामगिरीचा अहवाल) मात्र आकडा होता! आमचा बाहेरचा डीबीए (डेटाबेस सांभाळणारा माणूस) ते रिपोर्ट काढत होता. त्याला लागणारा डायग्नोस्टिक्स पॅक एंटरप्राइझमध्ये मुळातच चालू असतो, पैसे मात्र वेगळे, दर लायसन्सला 7,500. पॅक आम्ही घेतलेलाच नव्हता. कोणता पॅरामीटर (डेटाबेसची सेटिंग) बदलून तो बंद करायचा, तेही त्यांनीच सांगितलं.

तक्रार अहवालाची. जाडजूड, कराराच्या इंग्रजीत, साहेबांना समजावायला मला वेगळा तक्ता करावा लागला. फी विचारली तर दर सर्व्हरमागे (इथेही मोजणी आलीच). कोटेशनवर सही करायच्या आधी मात्र जरूर जा, आणि पीडीएफवर न भागवता एक्सेल मागून घ्या.