सुजाता मॅसी वाचायच्या आहेत: आधी पर्वीन घ्यावी की कमला?

इंग्रजीत लिहिणाऱ्या कादंबरीकार सुजाता मॅसी वाचलेल्या मुंबईकरांत सरळ दोन तट पडतात. एका तटाला पर्वीन मिस्त्रीच्या रहस्यकथांचं वेड आहे. दुसरा तट 'ठीक आहेत' म्हणून त्या बाजूला सारतो आणि युद्धकाळातल्या कलकत्त्यावरची, कमला या मुलीची गोष्ट सांगणारी 'द स्लीपिंग डिक्शनरी' हातात देतो. (भारतात ती 'द सिटी ऑफ पॅलेसेस' या नावाने आली, दोन वेगळी पुस्तकं समजून दोन्ही विकत घेऊ नका.) माझं मत पर्वीनच्या बाजूने आहे, पण लोक सहसा देतात त्या कारणासाठी नाही.

लोक कारण देतात ते जुन्या मुंबईचं. फोर्टातली वकिलाची कचेरी, पारशी घरातलं जेवण, मलबार हिलवरचे बंगले. 'द विडोज ऑफ मलबार हिल' (२०१८) मध्ये हे सगळं आहे आणि बेतशीर आहे. पण ती हौस पहिल्या काही प्रकरणांतच फिटते. पुढे आपल्याला धरून ठेवतो तो कायदा. साल १९२१. ऑक्सफर्डला कायदा शिकून आलेली पर्वीन वडिलांच्या फर्ममध्ये काम करते, पण बाई म्हणून कोर्टात उभी राहू शकत नाही. ती मुभा देणारा कायदा १९२३ चा. एक गिरणीमालक वारतो. मागे तीन विधवा, तिघीही पडद्यातल्या. तिघींनी आपला हक्क वक्फला, म्हणजे मुस्लिम धर्मादाय निधीला, देऊन टाकायचं ठरवल्याचं पत्र येतं आणि त्यावरच्या सह्या पाहून पर्वीनला शंका येते. जनान्याच्या जाळीपलीकडे पुरुष वकिलाला मज्जाव, म्हणून ही आत जाते आणि एकेकीला वेगळं गाठून विचारते, 'तुम्ही कशावर सही केलीत, ठाऊक आहे का?' त्या बोलण्यात जो ताण आहे तो पुढच्या खुनातही नाही.

पर्वीनमागे कॉर्नेलिया सोराबजींची प्रेरणा आहे. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणारी पहिली स्त्री, आणि पुढे पडद्यातल्या बायकांच्या मालमत्तेसाठी अनेक वर्षं झगडलेली. आपल्याकडे हे नाव किती जणांना माहीत असतं, कोण जाणे.

खुनी कोण, हे कोडं सोडवायला बसणाऱ्यांची मात्र निराशा होते. धागे सैल आहेत आणि तपास मध्येच थांबून १९१६ मध्ये, पर्वीनच्या लग्नाच्या गोष्टीत शिरतो. 'तो भाग उडवला तरी चालेल' असं बरेच पुरुष वाचक सांगतात. बायका नेमकं उलटं बोलतात. कलकत्त्याच्या सासरी पाळीच्या दिवसांत सुनेला एका कोंदट खोलीत एकटीला कोंडून ठेवतात, आंघोळ नाही, कुणाशी बोलणं नाही. हे वाचून पार्ल्याच्या आमच्या वाचनगटातल्या एक काकू म्हणाल्या, 'आम्ही माजघराच्या कोपऱ्यात बसायचो, पण निदान गप्पा तरी मारायचो गं.' मग अर्धा तास खुनाचा विषयच निघाला नाही. मला वाटतं, त्या खोलीशिवाय जाळीआडच्या विधवांबद्दलची पर्वीनची तळमळ कळतच नाही.

मराठी वाचकाची एक तक्रार मात्र रास्त आहे. गोष्ट गिरणीमालकाच्या घरातली, पण गिरणगाव जवळजवळ नाहीच. मराठी माणूस दिसतो तो नोकरचाकरांत नाहीतर कडेकडेने.

आता कमला. 'द स्लीपिंग डिक्शनरी' (२०१३) १९३० च्या आसपास बंगालच्या किनाऱ्यावरच्या खेड्यात सुरू होते. समुद्राच्या लाटेत मुलीचं सगळं घर वाहून जातं आणि तिथून प्रत्येक ठिकाणी तिचं नाव बदलत जातं: पॉम, सारा, पामेला, कमला. शाळेत मोलकरीण, खरगपूरच्या कुंटणखान्यात फसवून ठेवलेली, आणि अखेर कलकत्त्यात सायमन लुइस या इंग्रज सनदी (आयसीएस) अधिकाऱ्याच्या घरी पुस्तकं लावणारी. तिथे राहून ती स्वातंत्र्य चळवळीसाठी त्याच्यावरच नजर ठेवते. पुस्तक पाचशे पानांच्या घरात जातं.

तक्रार इथेही आहे. पूर्वार्धात संकटांची इतकी रांग लागते की 'आता आणखी काय?' असं होतं, आणि योगायोगही पुष्कळ. पण कमला त्या पुस्तकांच्या खोलीत आली की लेखिकेचा हात बसतो. एका बाजूला महायुद्ध, दुसऱ्या बाजूला १९४३ चा दुष्काळ. तीस लाखांपर्यंत माणसं दगावल्याचा अंदाज सांगितला जातो, तोही युद्धासाठी गजबजलेल्या प्रांतात. मुंबईकराच्या घरातली युद्धाची आठवण म्हणजे १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट, फार तर रेशनच्या रांगा. बंगालने काय भोगलं ते आपल्या कानावर उडतउडत आलं. दुसरा तट या कादंबरीची बाजू हिरिरीने घेतो ती यासाठीच, आणि तिथे त्यांच्याशी वाद घालणं मला जमत नाही.

दोन्हीकडे एक गोष्ट खटकते. परदेशी वाचकासाठी साडी-डाळीपासून सगळं समजावून सांगितलेलं आहे. सवय झाली की डोळा आपोआप पुढे सरकतो.

लोकलमध्ये उभ्याने तुकड्यातुकड्याने वाचणार असाल तर पर्वीनच घ्या. प्रकरणं आटोपशीर आहेत. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस सलग मिळणार असतील आणि वाईट वाटून घ्यायची तयारी असेल तर कमला. जुन्या मुंबईच्याच ओढीने निघालेल्यांनी पहिल्या पर्वीननंतर थेट 'द बॉम्बे प्रिन्स' (२०२१) गाठावं. नोव्हेंबर १९२१ मध्ये इंग्लंडचा युवराज मुंबईत उतरला, स्वागताला गेलेल्या पारशांवर जमाव धावून गेला, गांधीजी उपोषणाला बसले. ही दंगल मराठी घरांत फारशी सांगितली जात नाही. मधलं 'द सातापूर मूनस्टोन' (२०१९) सह्याद्रीतल्या काल्पनिक संस्थानात घडतं. मराठी वाचक त्यावर आशेने झडप घालतो, पण तिन्हींत ते मला सर्वांत फिकं वाटलं. राजवाडा आहे, राण्या आहेत, पाऊसही आहे, पण पर्वीनला तिथे मुंबईसारखी मोकळीक मिळत नाही. ते वाचनालयातून आणलं तरी पुरे.