‘नवं फ्लिप-फ्लॉप हब’ म्हणून माझंच जुनं हब मला विकलं: रोड बाइक फिक्सी करून घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

जुन्या स्टीलच्या रोड बाइक फिक्सी (गिअर नाही, चाकाबरोबर पायडलही कायम फिरतं) किंवा सिंगल स्पीड (एकच गिअर, पण पायडल थांबवता येतं) करून देणारे पुण्यात इन्स्टाग्रामवर बरेच आहेत. त्यातल्या एकाने मला १७,४०० रुपयांना बुडवलं. तक्रार चालू आहे म्हणून नाव देत नाही. पण त्याने काय केलं ते सविस्तर लिहितो, कारण पैसे गेले एवढ्यावर हे थांबत नाही. त्याने दिलेल्या चाकावर उतारावर माणूस मरू शकतो.

हिशेब असा: चाकांची जोडी ९,२००, क्रँक आणि ४४ दाती चेनव्हील (पुढचं दातेरी चाक) ३,१००, १७ दाती कॉग (मागचं दातेरी चाक) आणि लॉकरिंग (कॉग धरून ठेवणारी रिंग) १,३५०, १/८ इंची चेन ७५०, मजुरी ३,०००. त्यातले १२,००० यूपीआयने आगाऊ, उरलेले ५,४०० त्याने रोख मागून घेतले. रोख का मागितले ते आता कळतं.

फ्रेम ऐंशीच्या दशकातली, ड्रॉपआउट (फ्रेमच्या ज्या खाचांत एक्सल बसतो त्या) आडवे, म्हणजे चाक मागे सरकवून चेन ताणता येते, मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं अंतर १२६ मिमी. फिक्सीसाठी याहून सरळ काम नसतं. १२० मिमीचं ट्रॅक हब (फिक्स्ड कॉगसाठीचा चाकाचा मधला भाग) आणायचं, लांब एक्सल टाकून दोन्ही बाजूंना ३-३ मिमीचे वायसर घालायचे, झालं. (ड्रॉपआउट उभे असतील आणि कुणी टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) लावून फिक्स्ड करून देतो म्हणाला, तर तिथूनच उठा. उलट पायडल दाबलं की सगळा ताण खालच्या चेनवर येतो आणि टेन्शनर मोडतो.)

प्रत्यक्षात मागच्या चाकात, कबूल केलेल्या नव्या फ्लिप-फ्लॉप हबऐवजी, माझंच जुनं सहा गिअरचं हब होतं. पॉलिश मारून, कंपनीचं नाव घासून टाकून, नव्या रिममध्ये विणलेलं. उजव्या फ्लँजवर (हबच्या तारा ओवायच्या चकतीवर) पूर्वी चेन घसरून पडलेला अर्धचंद्राकृती ओरखडा तेवढा पॉलिशने गेला नव्हता.

यात जीवघेणं काय ते समजून घ्या. खऱ्या ट्रॅक हबला आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. कॉगची पायरी ३४.८ मिमी, सुलट आटे (घड्याळाच्या दिशेने घट्ट होणारे). त्याच्या बाहेर लॉकरिंगची लहान पायरी, ३२.८ मिमी, उलट आटे. पायडलला मागे रेटा दिला की कॉग सुटायला बघतो, तेव्हा उलट आट्यांची लॉकरिंग आणखी घट्ट होते. फ्रीव्हीलच्या (पायडल थांबलं तरी चाक मोकळं फिरू देणाऱ्या) हबला, म्हणजे माझ्या जुन्या हबला, ही दुसरी पायरीच नसते. या माणसाने कॉगच्याच आट्यांवर बॉटम ब्रॅकेटची (क्रँकच्या बेअरिंगची) लॉकरिंग चढवली. तिचे आटे तेच असल्याने ती बसते, पण तीही सुलटच, म्हणून कॉग सुटला की ती त्याच्याबरोबर सुटते. मधे आटे पकडणारं लाल केमिकल ओतलेलं. चाक भिंतीला अडवून पायडलवर उलटा भार दिला तर कॉग सरळ फिरला. फिक्सीमध्ये हाच तुमचा मागचा ब्रेक असतो!

आणि पुढचा ब्रेक? तो काढून टाकलेला. म्हणे ‘फिक्सीला ब्रेक शोभत नाही’. खरं कारण वेगळंच. जुनी रिम २७ इंची, म्हणजे ६३० मिमी. त्याने घातली ७००सी, ६२२ मिमी. ब्रेकचं पॅड ४ मिमी खाली जायला हवं, माझ्या ब्रेकला तेवढी खाच उरली नव्हती. लांब हाताचा ब्रेक घालण्याऐवजी ब्रेकच काढला.

कुठे ओळखू यायला हवं होतं, हे मी रोज मनात घोळवतो. त्याने उजव्या बाजूचा फोटो पाठवला होता. मी डाव्या बाजूचा मागितला, तर उत्तर आलं, ‘सर, पॅकिंग झालंय.’ फ्लिप-फ्लॉप हबला दोन्ही बाजूंना आटे असतात. डावी बाजू गुळगुळीत होती, म्हणून फोटो नव्हता. पण कॉग बसलेला असताना लॉकरिंगची पायरी फोटोत कुणालाच दिसत नाही, आणि यादीत तर त्याने स्वतः ‘फ्लिप-फ्लॉप, सील्ड बेअरिंग’ असं लिहून दिलं होतं. लेखी शब्दावर विश्वास ठेवणं हा गुन्हा नाही.

जुनी शिमानो ६०० डिरेलर (गिअर बदलणारा भाग), लिव्हर, दोन्ही ब्रेक ‘भंगारात गेले’. सुटे भाग कधीही ठेवून येऊ नका. आधी काढून घरी न्या, मग फ्रेम द्या.

चौकीत पहिला प्रश्न, ‘सायकलच ना?’ मग, ‘दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा.’ विश्वासाने सोपवलेली वस्तू परस्पर लंपास करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये येतं, जुना माल नवा म्हणून विकणं ३१८ मध्ये. दिवाणी कुठून आलं? अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. हेल्पलाइनवर सांगतात, पैसे तुम्हीच पाठवलेत, ओटीपी चोरीला गेलेला नाही. बँकेचंही तेच. सायबरवाले चौकीकडे बोट दाखवतात, चौकी सायबरकडे. कुणी कोट्यवधींचा गंडा घातला तर पत्रकार परिषद घेतात, आणि साडेसतरा हजारांना शंभर रुपये कमी म्हणून नोंदसुद्धा नाही! अशीच चाकं तो आणखी पोरांना विकतोय, हे सांगूनही कुणी कागदावर एक ओळ लिहिली नाही.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. रोख दिलेल्या रकमेचा मेसेज त्याच क्षणी पाठवून त्याच्याकडून ‘मिळाले’ लिहून घ्या. माझे ५,४०० याच एका शब्दावर टिकून आहेत. चाक उघडण्यापूर्वी दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी मत आणि आट्यांचे फोटो घ्या.

अशी बाइक कुणाकडून करून घेतली असेल, तर आजच चाक काढून लॉकरिंग सोडवून बघा. ती घड्याळाच्या दिशेने सुटली तर हब ठीक आहे. उलट दिशेने सुटली तर फिक्स्ड म्हणून त्यावर बसू नका. त्याच हबवर १७ दाती सिंगल फ्रीव्हील व्यवस्थित चालतं. एक्सलवरचे वायसर बदलून चेन सरळ रेषेत आणा, रिम पुन्हा मध्यावर ओढून घ्या, आणि पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक लावा.