फोर बाय फाइव्हसाठी स्वस्तातली पहिली लेन्स: वापरलेली निकॉर-डब्ल्यू १५० मिमी

फोर बाय फाइव्ह, म्हणजे चार बाय पाच इंचाची सुटी फिल्म लागणारा मोठा कॅमेरा, घेतला की लँडस्केप म्हणजे वाइडच हवी असं धरून बरेच जण आधी ९० मिमीच्या मागे लागतात. खिशात पैसे मोजके असतील तर ते नंतर बघा, आधी साधी १५० मिमी एफ/५.६ घ्या. मी निकॉनची निकॉर-डब्ल्यू वापरतोय, ईबेवरून जपानी विक्रेत्याकडून मागवलेली. निकॉनने २००६ लाच लार्ज फॉरमॅट, म्हणजे असल्या मोठ्या फिल्मच्या, लेन्स बंद केल्या, त्यामुळे नवीचा प्रश्नच नाही, वापरलेली त्यामानाने स्वस्तात दिसते, पण वर कुरियर आणि कस्टम्स धरूनच हिशोब करा नाहीतर स्वस्ताई कागदावरच राहते.

वजन फक्त २३० ग्रॅम. हरिश्चंद्रगड चढताना ट्रायपॉड, फिल्म होल्डर, पाणी सगळं पाठीवर असतं तेव्हा हे फार जाणवतं. एफ/५.६ असल्यामुळे पहाटेच्या अंधुक उजेडातही ग्राउंड ग्लासवर (फोकस करायची मागची दुधी काच) काहीतरी दिसतं, एफ/८ च्या ९० मध्ये कोपरे शोधत बसावं लागतं. आणि फिल्टर ५२ मिमीचा, म्हणजे जुन्या निकॉन ५० मिमीचे घरात पडलेले फिल्टर तसेच बसतात!

इमेज सर्कल, म्हणजे लेन्स फिल्मवर पाडते त्या गोल प्रतिमेचा व्यास, एफ/२२ ला २१० मिमी. फिल्मचा कर्ण साधारण १५३, त्यामुळे आडव्या फ्रेममध्ये लेन्स वर (राइझ) किंवा खाली (फॉल) ३८ मिमीपर्यंत सरकवायला जागा मिळते. कोकणकड्यावर कॅमेरा सरळ ठेवून नुसतं फ्रंट फॉल केलं तरी दरी आत येते, डोंगर कलत नाहीत. पायाजवळच्या गवतापासून क्षितिजापर्यंत शार्प हवं असेल तर जमिनीपासून दीड मीटरवर लेन्स असताना जेमतेम पावणेसहा अंश टिल्ट, म्हणजे लेन्स पुढे झुकवणं, पुरतो, मग एफ/२२ वर काम भागतं, उगाच एफ/४५ ला जाऊन डिफ्रॅक्शनने फोटो मऊ करायचा नाही.

आता खरी गोष्ट. निकॉन, फुजी, श्नायडर, रोडेनस्टॉक, या चौघांच्या अलीकडच्या १५० मध्ये एफ/२२ ला फरक ओळखून दाखवा म्हटलं तर मला तरी जमणार नाही. फरक पडतो तो शटरचा. ही लेन्स कोपल ० नावाच्या शटरमध्ये येते, १ सेकंद ते १/५००, पण १/५०० लँडस्केपला लागतंय कधी? भर उन्हात आयएसओ १०० वर एफ/३२ ला १/३० येतो, सकाळ-संध्याकाळी त्याच्याही खाली. म्हणजे आपलं सगळं काम स्लो स्पीडवर आणि पडून राहिलेल्या शटरमध्ये आधी तेच अडकतात. विक्रेत्याला फोनवर काढलेला सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ मागा, १/८ ला शटर ३० फ्रेमच्या आसपास उघडं दिसलं पाहिजे. शटर थोडं चुकलं तर निगेटिव्ह फिल्म सांभाळून घेते, स्लाइड अजिबात नाही. एक सेकंदाच्या वर तर तसंही बी किंवा टी वर (शटर आपण बंद करेपर्यंत उघडं राहतं) हाताने मोजायचं असतं. वर्णनात मिंटपुढे किती प्लस लावलेत ते वाचून भुलू नका, व्हिडिओ द्यायला टाळाटाळ करतोय तर दुसरा बघा.

काचेत टॉर्च मारून हेझ (धुरकटपणा) आणि फंगस तेवढं बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात फंगस वाढतच जातो. बारीक धूळ सोडून द्या. जुन्या श्नायडरमध्ये कडेला पांढरे ठिपके दिसतात, तो आतला काळा रंग सुटलेला असतो, फोटोला काही होत नाही पण भाव पडतो, म्हणजे आपला फायदाच.

तक्रार म्हणाल तर सांधणसारख्या अरुंद घळीत ही कमी पडते, ३५ मिमीच्या हिशोबात ४५ च्या आसपासच की. शिवाय उघड्या अ‍ॅपर्चरला जास्त राइझ केलं की ग्राउंड ग्लासचा कोपरा काळवंडतो, तेव्हा एफ/२२ ला बंद करून मगच कोपरे तपासा. लेन्स कॅमेऱ्याला बसवायची पाटी, म्हणजे लेन्स बोर्ड, बहुतेक वेळा सोबत येत नाही, कोपल ० चं भोक असलेला आपल्या कॅमेऱ्याचा बोर्ड त्याच ऑर्डरमध्ये मागवून टाका, दुसऱ्यांदा कुरियर नको.