खोकाभर सामान फुकट, आणि भिंत कुजलेली

ऑक्टोबर २०२२ मध्ये आम्ही एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, घेतला. २०१६ चं मॉडेल, बावीस फुटी, १३,५०० डॉलर, सगळे रोख. सहा आठवड्यांत कळलं की त्याची पुढची भिंत आतून कुजलेली आहे, टायर सात वर्षांचे आहेत आणि ज्याने तो आम्हाला विकला त्याचं नाव एकाही कागदावर नाही. हे सगळं पुन्हा आठवायला नको वाटतं. पण गेल्या दोन महिन्यांत इथल्या मराठी मंडळातल्या तीन कुटुंबांनी मला विचारलं, "ट्रेलर घ्यायचाय, सोबत सामान काय काय लागतं गं?" तिघांनीही सामानाबद्दलच विचारलं. आम्हीही तेच विचारत होतो आणि तिथेच फसलो, म्हणून लिहिते आहे.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहतो. जॉर्डन लेक अर्ध्या तासावर आहे, ब्ल्यू रिजचे डोंगर तीन-चार तासांवर. मुलगी सहा वर्षांची झाली होती आणि सासू-सासरे सांगलीहून सहा महिन्यांसाठी येणार होते. तंबूत जमिनीवर झोपणं त्यांना जमणार नव्हतं, म्हणून ट्रेलर. नवा घेण्याची ऐपत नव्हती. जाहिरातीत लिहिलं होतं : 'सर्व सामानासकट. काहीही विकत घ्यावं लागणार नाही. गाडीला जोडा आणि निघा.'

त्या माणसाने आम्हाला रविवारी संध्याकाळी बोलावलं. तेव्हा वाटलं, सुट्टीचा दिवस म्हणून असेल. पोचलो तेव्हा ट्रेलरमधले सगळे दिवे लावलेले, एसी सुरू, आत दालचिनीचा छान वास. पुढच्या झोपायच्या खोलीत पांढऱ्या फळ्यांसारखा दिसणारा नवा वॉलपेपर. तो म्हणाला, बायकोने हौसेने लावलाय. मला तर तिथेच हा ट्रेलर आपला वाटू लागला.

मग त्याने आम्हाला दीड तास शिकवलं. त्याने शिकवलेला एकूण एक शब्द खरा होता. आजही आम्ही तसंच करतो, त्यामुळे ते इथे सांगायला हवं.

जागेवर पोचलं की ट्रेलर गाडीपासून सोडायची घाई करायची नाही. आधी डावी-उजवी पातळी बघायची आणि जी बाजू खाली असेल तिच्या चाकांखाली प्लॅस्टिकचे ठोकळे सरकवायचे. मग आपल्याकडे एसटीच्या चाकाला दगड लावतात तसे दोन्ही बाजूंच्या चाकांना चॉक लावायचे. हे झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही. पुढची-मागची पातळी त्यानंतर, पुढच्या जॅकने. चार कोपऱ्यांचे पाय सगळ्यात शेवटी. ते पाय ट्रेलर हलू नये म्हणून असतात, त्यांच्यावर ट्रेलर उचलायचा नाही, वाकतात. गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर पातळीला फार महत्त्व आहे. ट्रेलर कलता राहिला तर त्यातला अमोनियाचा प्रवाह अडतो आणि फ्रिज कायमचा बिघडू शकतो.

पाण्याला कॅम्पग्राउंडच्या नळापाशीच प्रेशर रेग्युलेटर लावायचा, ४०-५० पीएसआयचा, नाहीतर आतले सांधे सुटतात. बागेतली हिरवी नळी प्यायच्या पाण्याला वापरायची नाही, त्यासाठीची पांढरी किंवा निळी वेगळी मिळते. गरम पाण्याच्या नळातून धार येईपर्यंत हीटरचं विजेचं बटण दाबायचं नाही. टाकी कोरडी असली तर आतलं एलिमेंट बघता बघता जळतं. संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह कायम बंद ठेवायचा आणि टाकी निदान दोन-तृतीयांश भरल्यावरच सोडायची. तो उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि घट्ट ते खाली साचून दगड होतं. ही टाकी आधी, बेसिन आणि अंघोळीच्या पाण्याची नंतर, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. हातमोजे विसरायचे नाहीत. गाडीला जोडताना सुरक्षेच्या साखळ्या एकमेकींवरून तिरप्या घ्यायच्या. कपलर (ट्रेलरचा गाडीला अडकणारा जबडा) निसटला तर ट्रेलरचं तोंड रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतं.

शेवटी त्याने एक मोठा खोका समोर ठेवला. ठोकळे, चॉक, दोन नळ्या, रेग्युलेटर, सांडपाण्याची नळी, तिचा पारदर्शक एल्बो (वाकडा तुकडा), ३० अँपिअरचा सर्ज प्रोटेक्टर (विजेची अचानक आलेली उसळी अडवणारा), वजन वाटून देणारा हिच (ट्रेलर गाडीला जोडायचा सांधा), गुलाबी अँटिफ्रीझच्या चार बाटल्या. "हे सगळं तुमचं," म्हणाला. नवऱ्याने मनातल्या मनात हिशोब केला, बाराशे डॉलरचं सामान फुकट! आणि ज्या माणसाने इतक्या आपुलकीने आपल्याला शिकवलं, त्याच्यासमोर भिंती कुजल्यात का म्हणून कोपरे दाबून बघायचे कसे, अशी भीड मला पडली. दुसऱ्या दिवशी डरहॅमचं एक कुटुंब बघायला येणार आहे असंही त्याने सांगितलं. आम्ही तिथल्या तिथे हजार डॉलर हातावर ठेवले आणि मंगळवारी उरलेले दिले. बँकेचे चेक हल्ली खोटे निघतात, म्हणून रोखच हवेत, असं त्याचं म्हणणं होतं. खोटे चेक निघतात हेही खरंच आहे. बँकेत भेटून, त्याच्या ओळखपत्रावरच्या नावाने चेक काढून घेता आला असता, हे आम्हाला सुचलं नाही.

दीड तासाच्या त्या शिकवणीत तो दोन गोष्टींबद्दल एक अक्षरही बोलला नाही : छप्पर आणि टायर. हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं.

पहिली सहल जॉर्डन लेकला झाली. ऊन होतं, सगळं सुरेख. दुसरी थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, डोंगरांच्या पायथ्याशी मॅरियनजवळ. आई-बाबा, म्हणजे सासू-सासरे, तोवर आले होते. रात्रभर पाऊस लागला. पहाटे आई म्हणाल्या, "अगं, माझी उशी ओली कशी?" पुढच्या खोलीत डोक्याकडच्या कोपऱ्यात तो पांढरा वॉलपेपर फुगून पोटासारखा पुढे आला होता. मी त्यावर अंगठा टेकवला. जोर लावला नव्हता, नुसता टेकवला. अंगठा पेरभर आत गेला. नवऱ्याने कागद सोलला तर मागचं लाकूड काळं पडलेलं, चहात बुडवलेल्या खारीसारखं, चिमटीत धरलं की सुटून येणारं. दालचिनीच्या वासामागे काय दडलं होतं ते तेव्हा कळलं. त्या कुबट वासात सत्तरीची दोन माणसं आणि एक लहान मूल दोन रात्री झोपलं होतं.

नवरा कुणाकडून तरी शिडी मागून वर चढला. छपराच्या पुढच्या कडेला सीलंटचा नवाकोरा पांढराशुभ्र थर होता. बाकी सगळीकडचं सीलंट करडं, भेगाळलेलं. गळती त्याला माहीत होती. वरून थर दिला, आतून कागद डकवला आणि कोरड्या दिवसांत विकला.

परतीच्या वाटेवर आय-४० महामार्गावर हिकरीच्या पुढे मोठा आवाज झाला. मागच्या उजव्या टायरची वरची साल सुटली आणि फटके मारत तिने चाकावरचं आवरण आणि आतली गॅसची नळी फाडली. सिलिंडर बंद करून निघायचं हेही त्याच माणसाने शिकवलं होतं, आणि ते आम्ही पाळलं होतं, म्हणून निभावलं.

बाबा एसटीच्या मिरज आगारातून निवृत्त झालेले, आयुष्य गाड्यांखाली गेलेलं. रस्त्याकडेला थांबल्यावर त्यांनी अंगातला कोट काढून खाली अंथरला, त्यावर आडवे झाले आणि मोबाइलचा दिवा घेऊन ट्रेलरखाली सरकले. बाहेर येऊन म्हणाले, "आकडा आतल्या अंगाला आहे. ३६१५." टायरवर डीओटी लिहिलेलं असतं, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २०१५ सालचा छत्तिसावा आठवडा. आम्हाला सांगितलं होतं, टायर दोन वर्षांपूर्वी बदललेत. तारखेसह पूर्ण नंबर टायरच्या एकाच अंगाला असण्याची सक्ती आहे, आणि चारही टायरांचं ते अंग आत होतं. मुद्दाम की योगायोगाने, हे मी सिद्ध करू शकत नाही. बाबा बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "घेताना मला फोन करायचा होता रे. मी व्हिडिओवर सांगितलं असतं, आडवा हो आणि बघ." ते ऐकून नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला, हा हिशोब ट्रेलरला लागू नाही. ट्रेलर चालतो कमी, उभा जास्त. त्याचा टायर झिजून नाही, वयाने जातो. पाच-सहा वर्षं झाली की खोबणी कितीही खोल दिसो, बदलायचा.

टायरवाल्याने विचारलं, वजन किती? विकणाऱ्याने ४,३०० पौंड सांगितलं होतं आणि आमच्या हायलँडर गाडीची ओढायची मर्यादा ५,००० आहे, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. घरी परतल्यावर ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर एकदा जोडून आणि एकदा सोडून वजन केलं. ट्रेलर भरला ५,४८० पौंड. ४,३०० हे कारखान्यातून रिकामा निघाला तेव्हाचं वजन. त्यात बॅटरी नाही, गॅस नाही, भांडीकुंडी नाहीत, पाणी नाही. गॅलनभर पाणी आठ पौंडांहून जास्त भरतं, आणि आम्ही तीस गॅलनची टाकी घरूनच काठोकाठ भरून नेली होती, म्हणजे अडीचशे पौंड नुसतं पाणी. ट्रेलरच्या बाहेर डाव्या अंगाला पुढे एक लेबल असतं, त्यावर भरल्यावरचं कमाल वजन छापलेलं असतं. जाहिरातीतलं सोडा, तो आकडा धरा. शिवाय ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हिचवर येतो, तो आपल्या गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या स्टिकरमधल्या मर्यादेत बसायला हवा, आणि त्याच मर्यादेत आपण सगळे आणि डिकीतलं सामानही येतं. पाच माणसं बसल्यावर आमचं गणित कधीच बसत नव्हतं.

त्या खोक्यातला सर्ज प्रोटेक्टर आमच्या एका इलेक्ट्रिकल इंजिनिअर मित्राने उघडला. आतले संरक्षण देणारे भाग जळून काळे पडले होते. वीज पुढे जात होती, संरक्षण शून्य. साधा सर्ज प्रोटेक्टर नुसती विजेची उसळी अडवतो आणि त्यात स्वतः संपतो. व्होल्टेज फार पडलं किंवा चढलं की लाइन तोडणारा ईएमएस महाग असतो, पण उन्हाळ्यात सगळे एसी चालू असताना कॅम्पग्राउंडचं व्होल्टेज जे पडतं त्यापासून तोच वाचवतो. सामानात पैसे घालायचेच तर आधी इथे घाला.

भिंत आणि छपराच्या दुरुस्तीचा अंदाज आला ८,७०० डॉलर. वकिलाला भेटलो. तो म्हणाला, 'आहे तसा' विकलेला माल असला तरी माहीत असलेला दोष झाकून विकणं ही फसवणूकच, दावा करता येतो. करायचा कुणावर? टायटल (मालकीचा सरकारी कागद) साउथ कॅरोलायनाचं होतं, त्यावर मूळ मालकाची सही होती आणि खरेदीदाराची जागा कोरी. आमच्या माणसाने स्वतःचं नाव मध्ये न घालता तो पुढे आम्हाला विकला. टॅक्स चुकवला आणि मागमूसही ठेवला नाही. पावतीवर नुसती गिचमीड सही. फोन बंद. ज्या अंगणात ट्रेलर बघितला ते घर भाड्याचं निघालं, तिथे आता दुसरेच लोक राहतात. मूळ मालकाला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर सभ्य होतं : गळतो हे सांगूनच मी तो स्वस्तात दिला होता.

मार्चमध्ये आम्ही तो मोडका ट्रेलर ३,८०० ला विकला. जाहिरातीत कुजलेल्या कोपऱ्याचा फोटो पहिला टाकला. घेणाऱ्याला फक्त सांगाडा आणि ॲक्सल हवे होते, त्याला त्यावर लाकडाचं छोटं घर बांधायचं होतं. टायटलवर माझी सही नोटरीसमोर झाली, खरेदीदाराच्या जागी त्याचं नाव त्याने माझ्यासमोर लिहिलं.

दुसऱ्यांदा बघायला गेलो तेव्हा सामानाचं काही विचारलं नाही. नवरा शिडी घेऊन वर, बाबा व्हिडिओ कॉलवरून टायरखाली, आणि मी तीस डॉलरचं ओलावा मोजायचं मीटर घेऊन आत. खिडक्यांखाली, चारही वरच्या कोपऱ्यांत, कपाटांच्या आत, स्लाइड-आउटच्या (बाहेर सरकणाऱ्या भागाच्या) कडेला. लाकडात आकडा वीस टक्क्यांच्या वर गेला की मी निघून येते. दोन ट्रेलर असे सोडले. त्यातल्या एकाला अगदी तसाच वॉलपेपर होता. तिसरा घेतला.

मीटर माझ्याकडेच पडून असतं. कॅरी-मॉरिसव्हिलच्या आसपास कुणी ट्रेलर बघायला जाणार असेल तर घेऊन जा, आणि शक्यतो चांगला पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या उजेडात जा.