रौप्यमहोत्सवाची गुलाबदाणी आणि आठशे रुपयांची बचत

लग्नाच्या २५व्या वाढदिवसाला चांदी द्यायची हे सगळ्यांना पाठ असतं. आमच्याकडे त्याला आणखी एक कारण होतं. आईला लग्नात मिळालेली गुलाबदाणी फ्लॅट घेताना मोडली होती. तेव्हापासून हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंची मागून आणायची, आणि दरवेळी म्हणायची, "आपली याहून उंच होती."

म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये ताईने आणि मी पैसे जमवले. नेहमीच्या सराफाकडे गेलो नाही, कारण बाबांच्या कानावर गेलं असतं. ताईच्या ऑफिसमधल्या कुणीतरी एक दुकान सुचवलं. मालक गोड बोलायचा. "हुपरीचा माल आहे," म्हणाला. कोल्हापूरजवळच्या हुपरीचं नाव मुख्यतः चांदीच्या पैंजणांसाठी आहे, हे आम्हाला कुठे माहीत!

मग त्याने लोहचुंबक काढून गुलाबदाणीला लावलं. चिकटलं नाही. "बघा, भेसळ असती तर चिकटलं असतं." आम्ही माना डोलावल्या. तांबं, पितळ, जस्त यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. त्या खेळातून फक्त लोखंड नाही एवढंच कळतं. बुडाशी ९२.५ असा ठसा होता, म्हणजे ९२.५ टक्के चांदी. तसा ठसा कुणीही मारू शकतं. हॉलमार्कमध्ये, म्हणजे शुद्धतेच्या सरकारमान्य ठशात, बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) त्रिकोणी चिन्ह असतं, ते आम्ही शोधलंच नाही.

काट्यावर २४० ग्रॅम भरली. भाव ग्रॅमला ९२ रुपये, वर घडणावळ २० रुपये. एकूण २६,८८०. "पक्कं बिल केलं तर तीन टक्के जीएसटी लागेल. घरचं गिऱ्हाईक, कशाला उगाच?" आठशे रुपये वाचतात म्हणून आम्ही खूश. वर ३८० सोडले, तर आणखी खूश. २६,५०० रोख दिले. हातात आली एक चिठ्ठी: 'गु.दा. २४०'. दुकानाचं नाव नाही, तारीख नाही.

आई गुलाबदाणी बघून रडली. ते मी लिहीत नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी तिने ती गरम पाण्यात बुडवून घासायला घेतली, आणि बुडाच्या सांध्यातून तपकिरी, चिकट काहीतरी बोटांना लागलं. लाखेच्या बांगड्यांच्या दुकानात येतो तसा वास. मला हाक मारून एवढंच म्हणाली, "हे बघ काय येतंय."

शेवटी नेहमीच्या सराफाकडेच जावं लागलं. त्याने बूड कापून लाख वितळवून काढली: ९० ग्रॅम. उरलेल्या १५० ग्रॅमचा टंच, म्हणजे शुद्धता, काढला: ६२ टक्के. म्हणजे शुद्ध चांदी ९३ ग्रॅम, त्या भावाने साडेआठ हजारांची. तो म्हणाला, लाख भरणं हा गुन्हा नाही, पोकळ वस्तू चेपू नये म्हणून भरतात. पण लाखेचं वजन वेगळं सांगायचं असतं आणि चांदीच्या भावात धरायचं नसतं. बूड बंद असलेली कुठलीही वस्तू घेताना विचारा: आत काय भरलंय आणि निव्वळ चांदी किती? उत्तर बिलावर लिहून घ्या. टंचही लिहून घ्या. सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक वस्तूचा वेगळा ओळख क्रमांक, आला आहे. तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. आमच्या वेळी तो नव्हता, पण असता तरी आम्ही बघितला असता का, शंकाच आहे.

दुकानदाराकडे गेलो तेव्हा त्याने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "हे आमचं कशावरून?" ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन केला. बिल आहे का, विचारलं. ताईने फोन माझ्याकडे दिला.

गुलाबदाणी परत मोडीत गेली. त्यात थोडी भर घालून आईने निरांजनांची जोडी घेतली. हॉलमार्कची, पक्क्या बिलाची, तीन टक्के भरून. ते बिल बाबांनी लॅमिनेट करून घेतलंय.