सुपरहीट आयडलवर बघायचं की रेसवर?

थंड डब्याच्या पिकअपच्या इंजिनवर पट्ट्याने कॉम्प्रेसर फिरत असेल, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (डब्यातल्या थंड कॉइलमध्ये किती गॅस सोडायचा ते ठरवणारा) कोणत्या आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या वेगाला, सेट करायचा, यावरून गॅरेजात वाद ठरलेला. सेटिंग बघायचं ते सुपरहीटवरून: गॅस कॉइलमध्ये ज्या तापमानाला उकळतो, त्याहून बाहेर पडताना तो किती अंश गरम असतो, ते सुपरहीट.

आयडलवर (गाडी उभी, इंजिन हळू) काम सोपं. गेज स्थिर, आवाज कमी. पण तेव्हा गॅस कमी वाहतो, व्हॉल्व्ह जेमतेम उघडलेला असतो. तिथे ६ अंश सुपरहीट मिळालं म्हणून खूश झालात, तर हायवेवर तेच चढतं आणि कॉइलचा शेवटचा भाग उपाशी राहतो. आइस्क्रीमवाल्याचा फोन येतो तो तेव्हाच.

माझं मत रेसच्या बाजूने. म्हणजे गाडी रोज ज्या आरपीएमला पळते, त्यावर. आर-१३४ए गॅसमध्ये सक्शन गेज (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब) १ बार दाखवत असेल, तर बाष्पीभवन साधारण उणे १० अंशांना होतंय. व्हॉल्व्हच्या बल्बाजवळ (कॉइलमधून बाहेर येणाऱ्या पाइपवर बांधलेला, तापमान ओळखणारा) पाइप उणे ४ असेल, तर सुपरहीट ६. व्हॉल्व्हचा स्क्रू सहसा घड्याळाच्या दिशेने फिरवला की ते वाढतं, उलट फिरवला की उतरतं. एका वेळी पाव आटा, मग १०-१५ मिनिटं हात बांधून बसायचं. (इथेच बहुतेकांचा धीर सुटतो.) डबा मात्र आधी थंड झालेला हवा, गरम डब्यावरचं रीडिंग फसवं.

या पद्धतीचा धोका सिग्नलला. इंजिन आयडलवर आलं की सुपरहीट घसरून द्रव कॉम्प्रेसरकडे जाऊ शकतो. म्हणून शेवटी आयडलवर एकदा तपासायचंच, शून्याकडे जात असेल तर पाव आटा घट्ट करायचा.

बल्बाचा क्लॅम्प ढिला असेल, तर दोन्ही पद्धती बाद. स्क्रूला हात लावण्याआधी तो बघा.