सेनहायझर एचडी ६००: गळ्यात नव्हे, कानात सूर
१९९७ पासून बाजारात असलेला हेडफोन. इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) ३०० ओहम, त्यामुळे नुसत्या फोनवर मिणमिणतो, अँप्लिफायर (अँप) हवाच. तंबोऱ्याच्या तारा सुट्या, डग्ग्यावर मनगट घासून निघणारी घिससुद्धा स्पष्ट. खोल बास मात्र मागू नका. कानावरच्या कपांची बाहेरची बाजू उघडी, म्हणून ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या डंपरांचा आवाज आत आणि माझा मारवा राग बाहेर.

आमच्या सोसायटीत गाण्याचे दर्दी भरपूर, राम मराठे संगीत महोत्सव कुणी चुकवत नाही. पण अँपवर पैसे घालणारा मी एकटाच. शेजारच्या काकूंनी हेडफोन कानाला लावून किशोरी आमोणकरांचं गाणं ऐकून पाहिलं. "छान आहे हो. पण किशोरीताई माझ्या मोबाइलवरही किशोरीताईच वाटतात."

केबल आणि कानाच्या गाद्या बदलता येतात. लोकलसाठी अजिबात घेऊ नका.